बंद कंपनीची फाइल: हायकोर्टातून न्यायाधिकरणाकडे

वाङ्मय मंडळाच्या अंकात कंपनी कायद्यावर लेख कशाला, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर सरळ आहे. मी निर्मलचा. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू शेजारी शेजारी चालतात. कापूस, सोयाबीन आणि ट्रकभाड्याचे व्यवहार नांदेड, किनवट, भैंसा, आदिलाबाद असे राज्याची हद्द न बघता होतात. त्यामुळे एखादी कंपनी बुडाली की तिच्याकडे पैसे अडकलेली माणसं दोन्ही राज्यांत असतात. त्यांच्या कानावर बहुतेक वेळा एवढंच येतं : ‘केस ट्रिब्युनलला गेली.’ ती कुठून गेली, का गेली आणि तिकडे गेल्यावर आपल्या पैशांचं काय होणार, हे समजावून सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. वकिली शिकत असताना मला जे उमगलं ते इथं साध्या भाषेत मांडतो.

आधी शब्द पाहू. ‘दिवाळं निघालं’ हे आपण रोज बोलतो. ‘नादार’ हा फारसीतून आलेला शब्द आहे. ना-दार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. ‘अवसायन’ हा संस्कृत वळणाचा शब्द, आणि तो आपल्याला पतसंस्थांच्या बातम्यांमुळे माहीत असतो : ‘संस्था अवसायनात निघाली, अवसायक नेमला.’ ‘अवसान’ हा त्याचाच भाऊबंद. अवसायन म्हणजे संस्थेचा शेवट करणं : मालमत्ता विकायची, देणी चुकती करायची आणि संस्थेचं नाव पुसून टाकायचं. नादारीचं तसं नाही. नादार माणूस आज देणं देऊ शकत नाही, पण उद्या सावरू शकतो. ही फाइल एका दालनातून दुसऱ्या दालनात का गेली, ते या दोन शब्दांमधल्या फरकात आहे.

जुनी वाट

कंपनी कायदा, १९५६ च्या कलम ४३३ मध्ये कंपनी बंद करण्याची कारणं दिली होती. त्यांतलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं कारण म्हणजे कंपनी कर्ज फेडण्यास असमर्थ असणं. पाचशे रुपयांहून जास्त देणं थकलं असेल, लेखी मागणी करूनही तीन आठवड्यांत ते मिळालं नसेल, तर धनको हायकोर्टात अर्ज करू शकत असे. हायकोर्ट कंपनीला नोटीस काढायचं, दोन्ही बाजू ऐकायचं, अर्ज दाखल करून घ्यायचा का ते ठरवायचं, मग वर्तमानपत्रात जाहिरात, मग अवसायनाचा आदेश. त्यानंतर हायकोर्टाशी जोडलेला सरकारी अवसायक कारखान्याला कुलूप लावायचा आणि मालमत्तेची यादी करायचा.

या वाटेवर दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे वेळ. मालमत्ता विकून पैसे वाटेपर्यंत वर्षानुवर्षं जायची. तोवर यंत्रं गंजायची आणि जमिनीवर खटले उभे राहायचे. दुसरी अडचण जास्त मूलभूत होती. कोर्टापुढे प्रश्न यायचा तो ‘ही कंपनी बंद करायची की नाही?’ एवढाच. ती चालवणारा दुसरा कुणी मिळेल का, हे शोधण्याची व्यवस्था त्या कार्यवाहीच्या पोटात नीट बसवलेलीच नव्हती. आजारी उद्योगांसाठी बीआयएफआर नावाचं वेगळं मंडळ होतं, पण तिथंही प्रकरणं रेंगाळत आणि बरीचशी शेवटी ‘बंद करा’ अशा शिफारशीसह हायकोर्टाकडेच यायची.

नवी वाट

राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण १ जून २०१६ ला सुरू झालं. नादारी व दिवाळखोरी संहिता त्याच वर्षी संमत झाली आणि कंपन्यांच्या नादारीबाबतची तिची कलमं १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. इथं प्रश्न उलटा विचारला जातो : ‘ही कंपनी जगू शकते का?’

अर्ज दाखल करून घेतला की कंपनीवरचे वसुलीचे दावे थांबतात. संचालक मंडळाचे अधिकार रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणवणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे जातात. कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था यांची समिती बसते. कंपनी चालवायला तयार असलेल्यांकडून योजना मागवल्या जातात. आज समितीची ६६ टक्के मतं मिळाली की योजना न्यायाधिकरणापुढे जाते. मूळ मुदत १८० दिवसांची, वाढवून २७०. कोर्टकचेरीचा काळ धरूनही ३३० दिवसांत संपवावं असं २०१९ च्या दुरुस्तीत म्हटलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ लागतो, हेही खरं. योजना जमली नाही तरच अवसायन. म्हणजे जुन्या वाटेवर जे पहिलं पाऊल होतं, ते इथं शेवटचं झालं.

आमच्या भागातली दोन उदाहरणं सांगतो. पहिलं कागजनगरचं. निजामाच्या काळात, १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली आणि त्या गावाला नावच कागदाचं पडलं. हे गाव तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. २०१६ च्या जिल्हा फेररचनेत ते आसिफाबादकडे गेलं आणि निर्मल वेगळा जिल्हा झाला. ही मिल २०१४ मध्ये थांबली. २०१७ मध्ये एका मालवाहतूकदाराच्या थकलेल्या बिलावरून हैदराबादच्या न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. जुलै २०१८ मध्ये जेके पेपरची योजना मंजूर झाली. राज्य सरकारने सवलती दिल्या आणि २०१९ मध्ये तिथं पुन्हा कागद निघू लागला. दुसरं उदाहरण बोधनचं. बिलोली-देगलूरकडच्या मराठी माणसाला शक्करनगरचा निजाम साखर कारखाना सांगायला नको. निजाम दख्खन शुगर्स २०१५ च्या डिसेंबरात बंद पडली. तीही हैदराबादच्याच न्यायाधिकरणापुढे आली, पण तिला योजना मिळाली नाही आणि २०१९ मध्ये अवसायनाचा आदेश झाला. न्यायाधिकरण एकच, कायदा एकच, निकाल मात्र दोन टोकांचे. नवी वाट जगण्याची हमी देत नाही. फक्त जगण्याचा प्रश्न आधी विचारला जाईल याची सोय करते.

मधे अडकलेल्यांचं काय?

ही दोन्ही प्रकरणं थेट नव्या वाटेवरची. पण १ डिसेंबर २०१६ ला देशभरच्या हायकोर्टांत अवसायनाचे अर्ज पडून होते. ते कुठे चालायचे?

केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१६ ला प्रलंबित प्रकरणं वर्ग करण्याचे नियम काढले आणि ते १५ डिसेंबरपासून लागू झाले. नियम ५ मध्ये एक रेघ ओढली होती. कर्ज न फेडल्याच्या कारणावरचा अर्ज असेल आणि त्याची नोटीस अजून कंपनीला पोचलेली नसेल, तर फाइल न्यायाधिकरणाकडे जाईल. पोचलेली असेल तर हायकोर्टातच राहील.

रेघ सोपी दिसते, पण नोटीस कुठली? अर्ज दाखल करून घेण्याआधीची की नंतरची? हायकोर्टांत मतभेद झाले. मुंबई हायकोर्टाने वेस्ट हिल्स रिअल्टी विरुद्ध नीलकमल रिअल्टर्स टॉवर या प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्येच म्हटलं की आधीची नोटीस पोचली असली तरी पुरे, फाइल हायकोर्टातच राहील. मद्रासकडे वेगळं मत होतं. जानेवारी २०१९ मध्ये फोरेक इंडिया प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मुंबईचं म्हणणं बरोबर ठरवलं.

फाइल वर्ग झाली म्हणजे काम झालं, असंही नव्हतं. जुना अर्ज जुन्या कायद्याच्या नमुन्यातला. नव्या संहितेला वेगळी माहिती लागते : देणं किती, कधी थकलं, पुरावा काय, मागणीची नोटीस दिली का. ती माहिती अर्जदाराने मुदतीत न्यायाधिकरणाला द्यायची होती. आधी ६० दिवस दिले, मग मुदत वाढवली, शेवटी १५ जुलै २०१७ ही तारीख ठरली. तोवर माहिती दिली नाही तर अर्ज आपोआप रद्द. नव्याने अर्ज करायची मुभा होती, पण तोवर कॅलेंडर कुणासाठी थांबलेलं नव्हतं.

कॅलेंडर किती कडक, ते ला-फिन प्रकरणात दिसतं

ऑगस्ट २००९ मध्ये आयएल अँड एफएसने एमसीएक्सकडून एका शेअर बाजार कंपनीचे शेअर घेतले. त्याच वेळी एमसीएक्सच्या गटातल्या ला-फिन फायनान्शियल सर्व्हिसेसने लिहून दिलं की एक वर्षानंतर, पण तीन वर्षांच्या आत, आम्ही हे शेअर परत विकत घेण्याची व्यवस्था करू. ऑगस्ट २०१२ उलटला, खरेदी झाली नाही. आयएल अँड एफएसने २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. तो वेळेत होता. कंपनी बंद करण्याचा अर्ज मात्र ऑक्टोबर २०१६ मध्ये केला. नवे नियम आले, तो अर्ज मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे वर्ग झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दाखलही करून घेतला गेला.

सप्टेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. कारण असं : देणं ऑगस्ट २०१२ मध्ये थकलं, मुदत तीन वर्षांची, म्हणजे ती ऑगस्ट २०१५ मध्ये संपली. अवसायनाचा अर्ज हायकोर्टात आला तेव्हाच तो मुदतबाह्य होता. २०१३ चा दावा हा वेगळा उपाय आहे आणि त्याने या अर्जाची मुदत वाढत नाही. दालन बदललं म्हणून मेलेला अर्ज जिवंत होत नाही.

आयएल अँड एफएससारख्या मोठ्या संस्थेची ही गत, तर बिलांची चळत पिशवीत घालून वकिलाकडे जाणाऱ्या आडत्याची काय होईल याचा विचार करा.

रेघ पुसट होत गेली

नोटीस पोचली की फाइल कायमची हायकोर्टात, हा नियम काही प्रकरणांत विचित्र ठरू लागला. खरीदार तयार आहे, बँका तयार आहेत, पण एक जुनी नोटीस पोचली म्हणून कंपनीला नव्या वाटेवर जाता येत नाही! म्हणून २०१८ मध्ये कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४३४ मध्ये भर घातली गेली. प्रलंबित अवसायन प्रकरणातला कुणीही पक्षकार फाइल न्यायाधिकरणाकडे पाठवा असा अर्ज हायकोर्टात करू शकतो, आणि कोर्ट योग्य वाटल्यास ती पाठवू शकतं.

पण किती उशिरापर्यंत? याचं उत्तर १५ डिसेंबर २०२० ला अ‍ॅक्शन इस्पात विरुद्ध श्याम मेटॅलिक्स या प्रकरणात आलं. दिल्ली हायकोर्टाने अवसायनाचा अर्ज दाखल करून घेतला होता, अवसायकही आला होता. स्टेट बँकेने फाइल वर्ग करायची मागणी केली. सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा मतितार्थ असा की मालमत्ता प्रत्यक्ष विकली जाऊन माघार अशक्य झाली असेल तर फाइल हायकोर्टातच राहावी. तोवर मात्र दार उघडं आहे. म्हणजे रेघ नोटिशीवरून सरकून कंपनीचा जीव उरला आहे का इथवर आली.

मार्च २०२१ मध्ये याच विचाराचं पुढचं पाऊल मुंबईच्या प्रकरणात पडलं. वरळीचा ‘पॅले रॉयाल’ हा वर्षानुवर्षं रखडलेला टॉवर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो बांधणारी श्रीराम अर्बन इन्फ्रास्ट्रक्चर ही पूर्वीची श्रीराम मिल्स. तिच्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात अवसायनाची कार्यवाही सुरू होती. श्रेई इक्विपमेंट फायनान्सने थेट न्यायाधिकरणात नादारीचा अर्ज केला. ए. नवीनचंद्र स्टील्स या धनको कंपनीने हरकत घेतली की हायकोर्टात प्रकरण असताना हे चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने हरकत फेटाळली. वित्तीय धनकोचा नादारीचा अर्ज ही स्वतंत्र कार्यवाही आहे, अवसायन प्रलंबित आहे म्हणून ती अडत नाही.

यात कुणाचं काय पणाला लागतं?

इथवर वाचून वाटेल, मग सगळं चांगलंच झालं. पण थोडं थांबा. वाट बदलते तेव्हा वाटणीही बदलते.

जुन्या कायद्यात कामगारांची देणी आणि तारण असलेली बँक एकाच पायरीवर होती आणि कामगारांच्या थकलेल्या पगाराला महिन्यांची मर्यादा नव्हती. नव्या संहितेच्या कलम ५३ मध्ये आधी प्रक्रियेचा खर्च, मग एका पायरीवर कामगार आणि तारण सोडून दिलेल्या बँका. पण कामगारांची देणी फक्त अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांची. त्याच्या खाली इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, मग तारण नसलेले वित्तीय धनको, मग सरकारी देणी आणि त्याच्याही खाली माल पुरवणारे. कारखाना चार-पाच वर्षं बंद राहून मग अवसायनात गेला, तर खऱ्या कामाचे महिने त्या २४ च्या बाहेर पडू शकतात. मोझर बेअर कंपनीच्या कामगार संघटनेने या मर्यादेला आव्हान दिलं होतं. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधी मात्र वाटणीच्या ढिगाऱ्याबाहेर ठेवला आहे. तो त्यांचाच.

माल पुरवणाऱ्यांचीही एक गोष्ट आहे. मार्च २०२० पासून न्यायाधिकरणात स्वतः अर्ज करायला थकबाकी किमान एक कोटीची लागते. त्याआधी ती एक लाख होती. म्हणजे समजा किनवटच्या एका आडत्याचे एखाद्या तेल कंपनीकडे बारा लाख अडकलेत. तो स्वतः दार ठोठावू शकत नाही. पण दुसऱ्या कुणी ठोठावलं आणि अर्ज दाखल झाला, तर त्याला आपला दावा नोंदवता येतो, आणि तो नोंदवलाच पाहिजे. कारण योजना मंजूर झाली की ती सगळ्यांना बांधते आणि तिच्यात नसलेले जुने दावे संपतात. कागजनगरच्या मिलवर एका व्यापारी फर्मने २००८ मध्ये लवादाचा निवाडा मिळवला होता. त्यांनी २०१७-१८ च्या प्रक्रियेत दावा नोंदवला नाही. २०२१ मध्ये कोलकाता हायकोर्टाने म्हटलं की योजना मंजूर झाल्यावर तो दावा उरला नाही. निवाडा हातात असूनही!

आता भाषेच्या प्रश्नाकडे येतो, आणि यासाठी मला वाङ्मय मंडळाचाच अंक योग्य वाटला. अर्ज दाखल झाला की जाहीर सूचना द्यावी लागते : एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आणि मुख्य कार्यालय जिथं असेल तिथं. दाव्यांसाठी मूळ मुदत १४ दिवसांची. उशिराचे दावे काही मर्यादेपर्यंत घेतात, पण योजना पक्की झाल्यावर नाही. खटला कुठे चालणार हेही नोंदणीकृत कार्यालयावर ठरतं : नांदेडला असेल तर मुंबई, निर्मल किंवा हैदराबादला असेल तर हैदराबाद. म्हणजे आपल्या त्या समजा-आडत्याची तेल कंपनी हैदराबादची असेल, तर सूचना तेलुगू आणि इंग्रजीत छापून येईल. तो किनवटला मराठी पेपर वाचत बसेल. कायद्याने सूचना दिली असं होईल आणि त्याच्यापर्यंत ती पोचलेली नसेल. २०१६ च्या नियमात फाइल कुठे जाणार हे नोटीस पोचली की नाही यावर ठरत होतं. सीमेवरच्या माणसाचे पैसेसुद्धा त्याच प्रश्नावर अडतात.

घरी कुणाचे पैसे अडकले असतील तर

पहिलं, देणेकरी खरोखर कंपनी आहे का ते बघा. आमच्याकडच्या बऱ्याच जिनिंग आणि डाळ मिल या भागीदारी किंवा एकट्या मालकाच्या असतात. त्या न्यायाधिकरणाच्या या वाटेवर येत नाहीत. तिथं दिवाणी दावाच करावा लागतो. सहकारी कारखाना किंवा पतसंस्था असेल तर सहकार खात्याचा अवसायक.

दुसरं, फाइल आज कुठे आहे ते विचारा. जुना अवसायनाचा अर्ज हायकोर्टात आहे का, तो वर्ग झाला का, मालमत्ता विकली गेली का? विकली नसेल तर फाइल हलू शकते आणि ती हलली की दाव्याचं घड्याळ सुरू होतं.

तिसरं, तारीख. शेवटचं बिल कधीचं, देणं लेखी कबूल केलं होतं का, ते कधी? तीन वर्षांचा हिशेब तिथून सुरू होतो. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या बाजारात ही सगळ्यांत अवघड गोष्ट, पण ला-फिनचा धडा नेमका हाच आहे.

चौथं, सूचनेसाठी फक्त पेपरवर विसंबू नका. नादारी मंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीची जाहीर सूचना टाकतात. नाव इंग्रजीत टाकून शोधायला पाच मिनिटं लागतात. आजोबांना किंवा काकांना ते जमत नसेल, तर आपल्यातल्या कुणीतरी महिन्यातून एकदा बसून बघावं आणि सापडलेली सूचना त्यांना मराठीत वाचून दाखवावी. दावा नोंदवायचा फॉर्म भरतानाही आपलं इंग्रजी त्यांच्या कामी येईल.